सीडी कुणाची, सही कुणाची?

कुणाकडे जुन्या लग्नपत्रिका साठतात, कुणाकडे बंद पडलेली घड्याळं. माझ्याकडे "एवढं काय तपासायचं?" असं विचारणारी माणसं साठली आहेत. मी काही त्यांना गोळा करायला गेले नव्हते हो! बेंगळूरला राजाजीनगरात, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास तिथे मी दोन वर्षं काढली आणि ही माणसं आपोआप साठत गेली. इतकी वर्षं झाली, तरी एखादा किस्सा सांगायला बसले की माझा आवाज चढतो. मग आमच्या घरात कुणीतरी उठून खिडकी लावून घेतं.

आधी काम काय होतं ते सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. होसकोट्याला एक औषधाचा कारखाना होता. लहान मुलांचं खोकल्याचं औषध बनवायचा. त्या औषधात कुठली पूड किती पडते हे मोजणारा काटा एका लिनक्सच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता, आणि तो कॉम्प्युटर सांभाळायचं काम आमच्याकडे होतं. तेव्हा लिनक्सची अपडेट यायची सीडीवरून, या हातातून त्या हातात. मध्येच कुणी त्यात काही घुसडलं तर? म्हणून अपडेट बनवणारे लोक तिच्यावर एक गणिती सही करायचे. ती सही तपासायला त्यांची 'की', म्हणजे एक गणिती किल्ली, लागायची. आणि ती की खरी त्यांचीच आहे ना, हे बघायला तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे बत्तीस अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ, दुसऱ्या वाटेने आलेल्या कागदाशी ताडून बघायची.

दुसऱ्या वाटेने! हे दोन शब्द मी त्या ऑफिसात जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर आतापर्यंत मोक्ष मिळाला असता. माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ परदेशात त्या लोकांना प्रत्यक्ष भेटला होता. त्याने स्वतःच्या हाताने उतरवून आणलेला फिंगरप्रिंटचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायचा. त्या कागदाची ऑफिसात यथेच्छ चेष्टा व्हायची. आणि मी होते प्रोबेशनवर, तेव्हा चेष्टा ऐकून घेणं हाही नोकरीचाच भाग होता.

*

पहिला मान देशपांडेचा. पुण्याहून नवीनच आलेला, हुशार, बोलायला गोड, आणि काम संपायच्या आधीच "झालं!" म्हणणारा.

त्याला मी एकदा नुसता चेकसम जुळवायला सांगितला. चेकसम म्हणजे फाइलवरून निघणारा एक आकडा. फाइलमध्ये एक टिंब जरी बदललं तरी तो आकडा पार बदलतो. आपल्याकडच्या फाइलचा आकडा काढायचा, मूळ लोकांनी जाहीर केलेला आकडा शोधायचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. शाळेतल्या मुलाला जमेल असं काम!

दहा मिनिटांत देशपांडे हजर. हातात दोन कागद. ते त्याने एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावून उजेडात धरले.

"हे बघ, शैला! एक अक्षर इकडचं तिकडे नाही!"

खरंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी त्याला खालच्या बेकरीतून खारी आणून द्यायच्या विचारात होते. तेवढ्यात कागदाच्या कोपऱ्यात छापलेल्या वेळेकडे लक्ष गेलं. दोन्ही कागदांवर तीच वेळ, तोच सेकंद.

"देशपांडे, यातला आपला कुठला आणि त्यांचा कुठला?"

"दोन्ही आपलेच," तो म्हणाला. "त्यांचा सापडेना, म्हणून आपल्याच्याच दोन प्रिंट काढल्या. जुळवायचं म्हणजे दोन लागतात ना!"

*

दुसरा किस्सा सरोजाम्मांचा, पण त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही. पंचवीस वर्षं टायपिंग केलेली बाई. त्यांच्या हातून गेलेल्या पत्रात चूक दाखवणारा अजून जन्माला यायचा होता.

झालं काय, की कारखान्याने लेखी मागितलं: अपडेटवर सही आहे याचा पुरावा द्या. आमचे मालक रंगनाथ सर. त्यांनी ती गणिती सही छापून लेटरहेडवर द्यायला सांगितली. ती सही म्हणजे काय, तर पाच-सहा ओळींचा अक्षरांचा आणि आकड्यांचा गोंधळ. तो कॉम्प्युटरने वाचायचा असतो, माणसाने नाही. मी म्हटलं, "सर, कागदावर ती कुणाला तपासता येणार नाही." सर म्हणाले, "कागद मागितलाय, कागद देऊ."

दोन दिवसांनी पत्राची प्रत माझ्या हातात पडली. ओळी सुबक, समास सारखे, दर काही अक्षरांनंतर स्वल्पविराम. खाली कंपनीचा गोल शिक्का.

"सरोजाम्मा, हे काय केलंत?"

"अय्यो, किती गचाळ टाइप केलं होतं गं कुणीतरी!" त्या म्हणाल्या. "शब्दाच्या मध्येच कॅपिटल अक्षर! मी सगळं नीट करून दिलं."

मी तशीच सरांकडे गेले. सांगितलं की यातलं एक अक्षर जरी बदललं तरी सही खोटी ठरते, आणि इथे तर निम्मी बदलली आहेत. सरांनी पत्र लांब धरून बघितलं. "पण दिसतंय चांगलं," ते म्हणाले. पत्र गेलं.

आठवड्याने कारखान्याचं उत्तर आलं: आपण पाठवलेली सही आम्ही तपासली. ती समाधानकारक आहे!

*

आता माझाही एक सांगते, नाहीतर म्हणाल की ही बाई स्वतःला फार शहाणी समजते.

आमच्या ऑफिसात आयुधपूजा जोरात व्हायची. मॉनिटरला विभूतीचे पट्टे, प्रिंटरला झेंडूची माळ, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा, मग सगळ्यांना चुरमुरे आणि केळी. त्या वर्षी पूजेची मांडणी माझ्याकडे होती. सुट्टीनंतर नव्या अपडेटची सीडी लावली, तर चेकसम जुळेना. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

मला तर स्फुरणच चढलं. सापडला चोर! सीडी देणारा दुकानदार एस. पी. रोडवरचा. त्याला मी दोन पानी पत्र लिहिलं. त्यात 'विश्वासघात' हा शब्द तीनदा होता. एक प्रत होसकोट्याला कारखान्यालाही धाडली, म्हणजे त्यांनाही कळू दे की इथे कुणीतरी जागं आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानदार स्कूटरवरून धापा टाकत आला. त्याने सीडी बाहेर काढली, उजेडात धरली, शर्टाच्या टोकाने हलकेच पुसली आणि परत आत सरकवली. आकडा जुळला.

चमकणाऱ्या बाजूवर कुंकवाचं बोट होतं. मीच लावलेलं! छापील बाजूवर दुकानाचा स्टिकर होता, म्हणून देवापुढे चांगली बाजू वर करून ठेवली होती.

"मॅडम, सीडी असली आहे," दुकानदार म्हणाला. "आणि पूजासुद्धा असली झालीय."

सरांनी माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. चूक माझी होती, मान्य. पण त्याच दिवशी त्यांनी त्या दुकानदाराकडून सीडी घेणंही बंद केलं. का? तर म्हणे त्याच्यामुळे ऑफिसात कटकटी होतात! अहो, आपला माल खरा आहे हे दाखवायला जो माणूस भर उन्हात धावत आला, तोच एकटा नको झाला. याला काय म्हणावं?

*

त्याच्या जागी सरांनी एक 'ओळखीतला' माणूस शोधला. ओळख कुठली, तर देवनहळ्ळीला एका लग्नात पंगतीत शेजारी बसला होता.

त्याची पहिलीच सीडी आली. मी सही तपासली आणि स्क्रीनवर आलं: सही चुकीची. आता मी शहाणी झाले होते. सीडी पुसली. दुसऱ्या मशीनवर लावली, मग तिसऱ्या. दर वेळी तेच. बाकी सगळ्या फाइली बरोबर, एकच चूक. आणि ती कुठली? बाहेरून फोनलाइनवर मशीनमध्ये कुणाला शिरू द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणारी! म्हणजे घराच्या सगळ्या विटा खऱ्या आणि फक्त दाराचं कुलूप कुणीतरी बदललेलं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. ते शांत असले की मला जास्त भीती वाटायची.

"शैला, तपासलं नाही तर काय होतं?"

"अपडेट टाकता येते, सर."

"आणि तपासलं की?"

"थांबावं लागतं."

"म्हणजे बिघाड तपासण्यात आहे!"

मी जागेवर येऊन पाणी प्यायले. सरोजाम्मांनी न विचारता माझ्या पुढ्यात आणखी एक ग्लास ठेवला.

*

पण देशपांडे स्वस्थ बसणारा नव्हता. मदत करायची त्याला भारी हौस. दुपारी तो नाचतच माझ्या टेबलाशी आला.

"जुळली! सही जुळली!"

"कशी काय?"

"तुझी 'की' जुनी आहे गं. त्या सीडीवरच एक नवीन की दिली आहे. ती वापरली की सही बरोबर येते."

मी डोक्याला हात लावला. त्याला समजावलं, अशी 'की' कुणीही बनवू शकतं आणि तिच्यावर नाव कुणाचंही लिहू शकतं. फाइल सीडीवाल्याने दिली, 'की'सुद्धा त्यानेच दिली, मग जुळणार नाही तर काय होणार? तो विचारात पडला. मला वाटलं, चला, एक तरी माणूस सुधारला.

तासाभराने तो समोरच्या एसटीडी बूथवरून परत आला. हातात एक कागद, त्यावर बत्तीस अक्षरं आणि आकडे, प्रत्येकाखाली टिकमार्क.

"तू म्हणालीस ना, दुसऱ्या वाटेने? फोन करून विचारलं! एकेक अक्षर वाचून घेतलं. सगळं जुळलं. माणूस काय सज्जन आहे गं! मध्ये लाइन खरखरली तर म्हणाला, सावकाश लिहा, मी परत सांगतो."

"फोन कुणाला केलास?"

"ती 'की' ज्याची आहे त्याला."

"नंबर कुठून मिळाला?"

देशपांडेने माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू मीच अडाणी.

"सीडीच्या कव्हरवर छापलाय की!"

चोराला जाऊन विचारायचं, "काय हो, तुम्ही चोर आहात का?" आणि तो गोड आवाजात नाही म्हणाला की घरी येऊन सांगायचं, चौकशी केली! मी हे एवढ्या मोठ्याने म्हणाले की खालचा बेकरीवाला जिन्यात येऊन उभा राहिला. सरांनी मात्र देशपांडेची पाठ थोपटली. त्याचा टिकमार्कवाला कागद फाइलला लागला.

*

आता शेवटचा. आधीच सांगून टाकते, कन्फर्मेशनचं पत्र मला कधीच मिळालं नाही. उगाच आशा लावून ऐकू नका.

त्या गुरुवारी सकाळी सरांनी मला बोलावलं. टेबलावर दोन वस्तू होत्या. एक ती सीडी. दुसरं माझं कन्फर्मेशनचं पत्र, टाइप केलेलं, खाली सरांची सही.

"उद्या होसकोट्याला इन्स्पेक्शन आहे," ते म्हणाले. "त्यांना अपडेट झालेलं मशीन दाखवायचं आहे. आज जाऊन ही टाकून ये आणि आल्यावर हे घेऊन जा."

त्या वर्षी वडिलांची मिल बंद झाली होती. घरात माझा एकटीचा पगार येत होता. आईने तर आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं की आमची शैला आता पर्मनंट होणार. मी त्या पत्राकडे बघितलं. नाही बघितलं असं म्हणणार नाही.

"सर, लहान मुलांच्या औषधाचं मशीन आहे ते. दोन दिवस द्या. मूळ ठिकाणाहून फोनलाइनवरून मी स्वतः उतरवून घेते, रात्रंदिवस बसेन."

"दोन दिवस नाहीत."

"मग मी नाही टाकणार, सर."

सरांनी पत्राची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि सीडी उचलली.

"मी टाकतो. तू फक्त पासवर्ड सांगायला चल."

होसकोट्यापर्यंत गाडीत मी मनातल्या मनात पासवर्ड विसरायचा प्रयत्न करत होते. तो काही केल्या विसरेना.

कारखान्याच्या गेटवर मुनियप्पा नावाचे वॉचमन होते. साठीला आलेले, जाड चष्मा, खाकी स्वेटर बारा महिने अंगात. तिथला नियम असा, की आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला गेटपास हवा आणि त्यावर कारखान्याच्या तीन ठरावीक साहेबांपैकी एकाची सही हवी. त्या तिघांच्या सह्यांचा नमुना मुनियप्पांच्या टेबलाच्या काचेखाली असायचा. तो नमुना हेड ऑफिसातून एक माणूस बंद पाकिटात हातोहात आणून द्यायचा. मालाच्या लॉरीतून कधीच यायचा नाही. एरवी आमचा पास आधीच तयार असायचा. त्या दिवशी तिन्ही साहेब इन्स्पेक्शनच्या तयारीत कुठेतरी आत अडकले होते, आणि फोन कुणी उचलत नव्हतं.

"काय माल, सार?" मुनियप्पांनी विचारलं.

"माल कसला! सीडी आहे एक."

"आत जाणार ना? मग माल."

सरांनी कोरा पास ओढला, स्वतःच भरला आणि खाली सही ठोकली. मुनियप्पांनी चष्मा वर केला. पास काचेवर ठेवला आणि पहिल्या सहीशेजारी धरून बघितला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. तितक्याच सावकाश.

"ही सही इथे नाही, सार."

"अरे, माझी आहे! तुझ्यासमोर केली!"

"तुमचीच आहे, सार. मी बघितली. पण इथे नाही."

"मला ओळखत नाहीस तू?"

"ओळखतो की! दर महिन्याला येता. मागच्या खेपेला छत्री विसरून गेलात."

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, त्यावर मोठी ऐसपैस सही केली आणि मुनियप्पांपुढे सरकवली.

"हा घे नमुना! ठेव काचेखाली. आणि आता जुळव!"

मुनियप्पांनी तो कागद बघितला. सीडी बघितली. मग सरांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं.

"स्वल्प थांबा, सार. माल तुम्ही आणला. पासवर सही तुमची. आणि नमुनाही तुम्हीच देताय. मग मी इथे कशाला बसलोय?"

दोन वर्षं मी फळ्यावर बाण काढून, इंग्रजीत, कन्नडमध्ये, हिंदीत, ओरडून, रडकुंडीला येऊन जे सांगत होते, ते हेच होतं हो! मला तिथेच त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

मुनियप्पांनी रजिस्टर उघडलं आणि माझ्याकडे वळले.

"अक्का, मशीनचं काम तुम्ही बघता ना? सांगा, यात काय आहे? इथे लिहायला लागतं."

सर माझ्याकडे बघत होते. पत्राची घडी त्यांच्या खिशातून वर आली होती. मी नुसतं 'अपडेट' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"सरी, ठीक," म्हणून मुनियप्पांनी मान डोलावली. आमच्या मागे एक लॉरी येऊन हॉर्न वाजवायला लागली होती. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गोल गोल कन्नड अक्षरांत, एकेक शब्द मोठ्याने म्हणत त्यांनी लिहिलं: सीडी, एक. आत काय आहे, माहीत नाही. गेटवरून परत.

मग रजिस्टर सरांकडे फिरवलं आणि त्यावर पेन ठेवलं.

"परत नेताय, त्याची सही, सार."

रंगनाथ सरांनी लिहिलेलं सगळं एकदा वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. आणि सही केली.